बिनतारी प्रारणाचे मापन

मोबाइल, वायफाय आणि टॉवर यांतून निघणाऱ्या रेडिओलहरी माणसाच्या शरीरापर्यंत किती पोहोचतात, हे ठरवण्याची पद्धत. हे प्रारण क्ष-किरणांसारखे आयनीभवन करत नाही. ऊती तापणे हा त्याचा सिद्ध झालेला परिणाम असून मर्यादाही त्यावरूनच ठरल्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये या लहरी ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात घातल्या.

फोनची चाचणी प्रयोगशाळेत होते. डोक्याच्या आकाराच्या पोकळ साच्यात ऊतींसारखे विद्युतगुण असलेला द्रव भरून फोन कानाशी टेकवतात व पूर्ण शक्तीने चालवतात. यंत्रहाताला बसवलेला शोधक द्रवात फिरून विद्युतक्षेत्र टिपतो. त्यावरून विशिष्ट शोषण दर (सार), म्हणजे ऊती किलोग्रॅममागे शोषतात ती शक्ती, निघतो. १ सप्टेंबर २०१२ पासून भारतात एक ग्रॅम ऊतीच्या सरासरीवर किलोग्रॅममागे १.६ वॅट ही त्याची मर्यादा आहे. बहुतेक फोनांवर *#०७# दाबल्यास हा आकडा दिसतो.

टॉवरजवळ हातात धरायच्या मीटरने शक्तिघनता मोजतात. त्याचा शोधक सर्व दिशांच्या लहरी टिपतो आणि वाचने सहा मिनिटांच्या सरासरीने घेतात. १ सप्टेंबर २०१२ रोजीच भारताने टॉवरसाठीची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली : ९०० मेगाहर्ट्झला चौरस मीटरमागे ०.४५ वॅट, १८०० ला ०.९ वॅट. टॉवरची माहिती २ मे २०१७ रोजी सुरू झालेल्या ‘तरंग संचार’ पोर्टलवर मिळते. शुल्क भरून आपल्या ठिकाणी मोजणीही मागता येते.

नंदुरबार जिल्ह्यात हे मापन वेगळ्या अर्थाने वाचावे लागते. नंदुरबार, शहादा या गावांत टॉवर वस्तीतच उभे असतात, तर सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याच्या दऱ्याखोऱ्यांत, रेंजसाठी टेकडी गाठावी लागते. तिथे मीटर अगदी कमी दाखवेल. पण त्यावरून बोलणाऱ्याला प्रारण कमी मिळते, असा अर्थ काढणे चूक ठरेल. टॉवर लांब असला की फोन आपली शक्ती वाढवतो. फोरजी हँडसेट कमाल सुमारे ०.२ वॅटपर्यंत जातो, रेंज चांगली असेल तर त्याच्या शंभराव्या भागावरही भागवतो. कानाला लागलेला फोन टॉवरपेक्षा कितीतरी जवळ असल्याने दरीतल्या माणसाचा बहुतेक संपर्क स्वतःच्याच हँडसेटमुळे होतो. टॉवरविरुद्धच्या तक्रारींत नेमकी हीच बाजू सुटते. सारचा आकडाही ती दाखवत नाही, कारण तो पूर्ण शक्तीचा असतो. रोजच्या वापरात फोन किती शक्तीवर चालला, हे त्यातून कळत नाही. इअरफोन लावून फोन डोक्यापासून हातभर दूर ठेवल्यास डोक्यातले शोषण झपाट्याने घटते.