हुंडीची पेठ आणि नातीचं कार्ड



आमची नात मागच्या हिवाळ्यात पाठीवर पिशवी टाकून व्हिएतनामला गेली. एकटी. तिसऱ्याच दिवशी रात्री फोन आला, "आबा, हनोईत एटीएमनं कार्ड गिळलं!" घरात एकदम धावपळ. हिनं देवापाशी दिवा लावला, मुलगा हेल्पलाईन फिरवू लागला. मी मात्र एवढंच विचारलं, "पेठ कुठाय?" ती हसली. "मोज्यात."

ही पेठ म्हणजे पुण्यातली नव्हे. सांगतो.

मी देवास गेटच्या माधव कॉलेजचा बी.कॉम. तिथं एका सरांनी हुंडी शिकवली होती. परीक्षेला दहा मार्कांची टीप यायची म्हणून सगळ्यांनी ती पाठ केली आणि विसरून गेले. माझ्या डोक्यात मात्र राहिली, कारण सर आम्हांला सराफ्यात घेऊन गेले होते आणि एका जुन्या पेढीवरच्या मुनीमजींनी खरी हुंडी उलगडून दाखवली होती. शंभर रुपयांची. पण नुसतं 'शंभर' लिहून भागलं नव्हतं. शंभर, ज्याचे निमे पन्नास, त्याचे दुप्पट पुरे द्यावे, असं लिहिलेलं. कोणी शून्य वाढवलं तरी निमे जुळणार नाही! आज चेकवर आपण आकड्यात आणि अक्षरात लिहितो, त्याच जातीची ही युक्ती.

हुंडी दाखवताच पैसे द्यायचे तर ती दर्शनी, ठरल्या दिवसांनी द्यायचे तर मुदती. शाहजोग हुंडीचे पैसे बाजारातल्या पतदार शाहूच्याच हाती पडायचे, म्हणजे चोरट्याला ती सापडून उपयोग नाही. पैसे देऊन झालेल्या हुंडीला खोखा म्हणत. आणि वाटेत हुंडी हरवली तर? मूळ पेढी दुसरी प्रत लिहून देई, ती पेठ. तीही हरवली तर परपेठ. माणूस गहाळपणा करणारच, हे या लोकांनी आधीच धरलं होतं. इंग्रजांनी 1881 साली निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्‌स कायदा केला, तेव्हा हुंडीसारख्या देशी भाषेतल्या कागदांना स्थानिक रिवाजावरच सोडलं. कायद्याच्या पहिल्याच कलमात ते आहे. मला याचा उगाच अभिमान वाटतो.

उज्जैनला हे नवं नव्हतंच. 1810 च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरच्या लष्करात हलवली, तरी माळव्याची अफू आणि तिच्यामागचा हुंड्यांचा व्यवहार इथून मुंबईपर्यंत चालू राहिला. ज्या बायजाबाईंनी आपलं गोपाळ मंदिर बांधलं, त्यांचा स्वतःचा पैसाही उज्जैनच्या सावकारीत होता. याच बायजाबाई यज्ञ करणार, तिथं दक्षिणा मिळेल, म्हणून 1857 साली पेणजवळच्या वरसईहून विष्णुभट गोडसे उत्तरेला निघाले. 'माझा प्रवास' आपल्यापैकी बऱ्याच घरांत असेल. मिळवलेला पैसा झाशीच्या लुटीत गेला आणि भटजी गंगेची कावड घेऊन घरी परतले. आमचे आजोबा हे पुस्तक वाचून दाखवायचे तेव्हा आम्ही पोरं लढाईच्या पानांची वाट बघायचो. बँकेत लागल्यावर मी ते पुन्हा वाचलं, आणि माझं लक्ष सारखं भटजींच्या पैशांकडे.

असो. मी नोकरीत आलो तेव्हा परदेशी जाणं म्हणजे कागदांचा डोंगर. साठ-सत्तरच्या दशकात आपल्यातली मुलं अमेरिकेला शिकायला गेली, ती खिशात आठ डॉलर घेऊन. तेवढेच मिळायचे. 1966 च्या अवमूल्यनानंतर डॉलर साडेसात रुपयांना, म्हणजे साठ रुपयांत माणूस सातासमुद्रापार. 1973 च्या फेरा कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय परकीय चलनाला हात लावणं हा गुन्हा होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचं तिच्यावर आहे.

1980 चा सिंहस्थ. आमची शाखा देवास गेटच्या बसस्टँडपासून चालत पाच मिनिटांवर. शनिवार होता, बाराला काउंटर बंद व्हायचं. पावणेबाराला एक गोरा मुलगा आला, वय बावीस-तेवीस, पायात चप्पल, खांद्यावर कापडी झोळी. त्याच्याकडे ट्रॅव्हलर्स चेक. हे चेक 1891 साली अमेरिकन एक्सप्रेसनं काढले. खरेदी करताना एक सही, वटवताना समोर दुसरी, दोन्ही जुळल्या की पैसे. हरवले तर नंबर सांगून नवे मिळत. हुंडीच की ही, नुसता कोट घातलेली.

आमच्या शाखेला परकीय चलन घ्यायचा परवाना नव्हता. मी त्याला इंदूरच्या शाखेचा पत्ता लिहून दिला. तो म्हणाला, आज पोचेपर्यंत ती बंद होईल. बरोबर होतं. म्हणजे सोमवार. त्याच्याजवळ एकही रुपया उरला नव्हता. सिंहस्थात अन्नक्षेत्रं चालू होती, जेवायची चिंता नव्हती. पण त्याचा सोबती धर्मशाळेत जुलाब-उलट्यांनी पडला होता आणि औषधाला पैसे हवे होते. वीस डॉलरचा चेक माझ्यापुढे सरकवून म्हणाला, हा तुम्ही ठेवा, मला रुपये द्या, कितीही द्या.

मी चेक परत सरकवला. त्याबद्दल मला आजही काही वाटत नाही. तो घेतला असता तर माझी नोकरी गेली असती, आणि जायलाच हवी होती.

पण माझ्या वरच्या खिशात चाळीस रुपये होते. माझे स्वतःचे. ते द्यायला कुठलाच कायदा आड येत नव्हता. मनात आलं, उद्या हा सांगेल बँकेच्या साहेबानं डॉलरच्या बदल्यात रुपये दिले, तर? शिवाय महिनाअखेर होती. मी "सॉरी" म्हटलं आणि लेजर उघडलं.

आमचा दप्तरी बाजूला उभा होता. पगार माझ्या निम्म्याहून कमी. तो काही बोलला नाही. खुंटीवरची टोपी घेतली आणि मुलाच्या मागोमाग बाहेर पडला. सोमवारी कळलं, त्यानं दोघांना टांग्यात घालून सरकारी दवाखान्यात नेलं, औषधं आणून दिली आणि इंदूरच्या बसचे पैसेही दिले. परत मिळाले का, ते मी विचारलं नाही. पुढे अकरा वर्षं आम्ही एका शाखेत होतो. रोज चहा प्यायलो. मी कधीच विचारलं नाही.

त्याच साली सेंट्रल बँकेनं देशातलं पहिलं क्रेडिट कार्ड काढलं, म्हणजे आमच्या डोळ्यांदेखतच कार्डाचं युग सुरू होत होतं. 1987 ला मुंबईत पहिलं एटीएम. मग 2000 च्या जूनपासून फेरा जाऊन फेमा आला, 2004 पासून साध्या माणसालाही वर्षाला पंचवीस हजार डॉलर बाहेर नेता येऊ लागले. आज ती मर्यादा अडीच लाख डॉलर आहे. आठ डॉलरवाल्या पिढीला हे आकडे चेष्टेसारखे वाटतात.

नात निघाली तेव्हा मी तिला जवळ बसवून चार गोष्टी सांगितल्या. नवीन कार्डावर परदेशातला वापर 2020 पासून मुळात बंदच असतो, तो ॲपमध्ये जाऊन आपण चालू करायचा. दोन कार्डं, शक्यतो दोन वेगळ्या बँकांची, आणि दोन्ही एका पाकिटात ठेवायची नाहीत. तिथलं मशीन प्रेमानं विचारेल, "रुपयांत घेऊ का?" तर नाही म्हणायचं, तिथल्याच चलनात घे म्हणायचं. रुपयांत घेतलं की दर दुकानदाराच्या बाजूचा लागतो, आपण गप्प भरतो. (डोंगांत शून्यं फार, एका रुपयाला तीनशेच्या आसपास. पोरगी पहिल्या दिवशी लखपती झाल्याचा फोटो पाठवून मोकळी!) थोडे डॉलर रोख, कोऱ्या, न दुमडलेल्या नोटा. एका लखोट्यात दुसरं कार्ड आणि पासपोर्टची झेरॉक्स घातली, वर मी मोठ्या अक्षरांत लिहिलं: पेठ. तिला वाटलं म्हातारा भ्रमिष्ट झालाय. मग हुंडी समजावली.

तर त्या रात्री मोज्यातल्या पेठेनं काम केलं. पहिलं कार्ड तिनं ॲपवरून लगेच बंद केलं, दुसऱ्यावर पैसे काढले. दिव्यातलं तेल संपायच्या आत सगळं मिटलं होतं.

परतल्यावर ती वसतिगृहातली हकीकत सांगत होती. बाजूच्या खाटेवरच्या एका मुलीचं पाकीट चोरीला गेलं, कार्डं, रोख, सगळं एकाच ठिकाणी. आमच्या नातीनं तिला पन्नास डॉलर दिले. "तिचं नाव-गाव घेतलंस का लिहून?" मी बँकवाल्याच्या सवयीनं विचारलं. "नाही आबा. का?"

मग मी तिला 1980 चा तो शनिवार सांगितला. घरात पहिल्यांदाच, हिलासुद्धा माहीत नव्हता. नातीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या दप्तरीकाकांच्या घरचं कोणी आहे का अजून उज्जैनला?"

मुलगा आहे. देवास गेटलाच त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे. पासपोर्टची ती झेरॉक्स मी तिथूनच काढून आणली होती.