जुनाट दुखणे : स्वतःशी बोलणे आणि कल्पनाशक्ती यांचा उपचारात उपयोग

दोन-तीन वर्षे कंबर, मान किंवा पाठ दुखत असलेल्या रुग्णाला "रिपोर्टमध्ये विशेष काही नाही" असे सांगितले, तर त्याला हायसे वाटायला हवे. प्रत्यक्षात बहुतेकांचा चेहरा पडतो. "म्हणजे मी नाटक करतोय का, डॉक्टर?" हा प्रश्न शिरूर-दौंड भागातल्या दवाखान्यांत नवा नाही. विचारणारा कधी रांजणगाव किंवा कुरकुंभ एमआयडीसीत उभ्याने पाळी करणारा कामगार असतो, तर कधी कांदा काढणीला जाणारी बाई.

उत्तर स्पष्ट आहे : नाटक नाही. दुखणे खरे आहे. मात्र त्याचे कारण हाड, गादी किंवा स्नायूत असेलच असे नाही.

दुखणे टिकून का राहते?

वेदना ही मेंदूने दिलेली धोक्याची सूचना असते. लचकलेला स्नायू साधारणपणे काही आठवड्यांत बरा होतो. काही जणांमध्ये सूचना देणारी यंत्रणा मात्र जास्तच हळवी होऊन बसते. गाडीचा अलार्म चोरासाठी बसवलेला असतो, पण बिघडला की बोनेटवर मांजर चढले तरी वाजतो, तसाच हा प्रकार. तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलेल्या दुखण्याला आपण जुनाट म्हणतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या ११व्या वर्गीकरणात, ज्याचा वापर २०२२ पासून सुरू झाला, अशा दुखण्याला स्वतंत्र आजार म्हणून जागा दिली आहे. तेव्हा "मनाचे खेळ" म्हणून ते उडवून लावू नये.

अपुरी झोप, कर्जाची काळजी, घरातला ताण आणि भीती यांनी हा अलार्म आणखी हळवा होतो. भीतीचा वाटा सर्वांत मोठा, असे माझे मत आहे. आणि ती भीती बऱ्याचदा आमच्याच शब्दांतून येते. "मणक्यात गॅप आहे", "नस दबली आहे", "वाकू नका, नाहीतर अंथरुणाला खिळाल" अशी वाक्ये रुग्ण वर्षानुवर्षे मनात घोळवतो. काहीही दुखत नसलेल्या लोकांचे एमआरआय पाहून केलेल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात पन्नाशीतल्या सुमारे ८० टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या आढळल्या. सुमारे ६० टक्के लोकांत गादी बाहेर सरकलेली होती. म्हणजे "गॅप" हा पुष्कळदा पिकलेल्या केसांसारखा, वयाचा भाग असतो.

आधी तपासणी

पुढचे सारे उपाय डॉक्टरांनी तपासून गंभीर कारण नाही असे सांगितल्यावरच करायचे. लघवी-शौचावरचा ताबा जाणे, बसण्याची जागा बधिर होणे किंवा पायातली ताकद कमी होत जाणे यांपैकी काहीही झाल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ताप, वजन घटणे, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, पूर्वी कॅन्सर किंवा टीबी झालेला असणे, पडल्यानंतर सुरू झालेले दुखणे यांतही थांबू नये. आपल्याकडे मणक्याचा टीबी अजून दिसतो. तो सकारात्मक विचारांनी बरा होत नाही.

स्वतःशी काय बोलायचे?

"मला काहीच दुखत नाही" असे म्हणू नका. ते खोटे आहे, हे तुमच्या मेंदूला कळते. बोलायचे ते खरे आणि धीर देणारे. घमेले उचलताना चमक आली की मनात आपोआप येते, "गेली कंबर!" त्या जागी सावकाश म्हणा, "दुखतंय, पण काही तुटलेलं नाही. डॉक्टरांनी तपासलंय. हा अलार्म आहे, थोड्या वेळात शांत होईल." भाषा तुमच्या घरातली असू द्या, पुस्तकी नको. श्वास सोडण्याचा वेळ थोडा लांबवत हे दोन-तीनदा म्हणा, आणि मग हातातले काम बेताने पुढे चालू ठेवा. हा शेवटचा भाग गाळला तर बोलण्याचा फारसा उपयोग नाही. हालचाल करूनही इजा झाली नाही, हा अनुभव आला तरच मेंदूचा विश्वास बसतो.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात याच धर्तीच्या उपचाराचा अभ्यास जुनाट पाठदुखीच्या १५१ रुग्णांवर झाला. तो २०२२ साली 'जामा सायकियाट्री' या नियतकालिकात छापून आला. चार आठवड्यांनंतर उपचार घेतलेल्यांपैकी ६६ टक्के लोकांचे दुखणे गेले किंवा नावापुरते उरले. नेहमीचेच उपचार चालू ठेवलेल्यांत हे प्रमाण १० टक्के होते. अभ्यास एकच आणि लहान आहे, शिवाय तिथे प्रशिक्षित माणूस सोबत होता. घरी करताना इतक्या लवकर गुण येईल असे धरून चालू नका.

कल्पनेतला सराव

ज्या हालचालीची भीती वाटते ती आधी डोळे मिटून मनात करायची. समजा, वाकून हंडा उचलायचा आहे. शांत बसा. आपण गुडघ्यात वाकतोय, हात हंड्याला लागलाय, कंबर सैल आहे, श्वास चालू आहे, असे चित्र सावकाश पाहा. पाच मिनिटे, दिवसातून दोनदा पुरे. काही जणांना नुसत्या कल्पनेनेही दुखते. घाबरू नका, तो अलार्म किती हळवा झालाय याचीच ती खूण आहे. अशा वेळी चित्र लहान करा : फक्त खुर्चीतून उठणे, एवढेच. आठवडाभराने रिकामा हंडा खरोखर उचला, मग अर्धा भरलेला. वाईट दिवस मधे येतातच. त्या दिवशी काम निम्मे करा, पण पूर्ण अंथरूण धरू नका.

गोळ्या आणि घरची मंडळी

दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्याने पोटात अल्सर होऊ शकतो आणि किडनी खराब होऊ शकते. मधुमेह, रक्तदाब असलेल्यांना हा धोका जास्त. अशा गोळ्या घेत असाल तर डॉक्टरांना नावासकट सांगा. त्यांनी लिहून दिलेली इतर औषधे स्वतःहून बंद करू नका. नैराश्यावरची काही औषधे कमी मात्रेत दुखण्यासाठीही देतात, म्हणून "मला वेडाची गोळी दिली" असा गैरसमज नको.

घरच्यांनी दर तासाला "किती दुखतंय?" विचारू नये, आणि "काही झालेलं नाही तुला" असेही म्हणू नये. "चल, ओढ्यापर्यंत चालून येऊ" हे जास्त उपयोगी. झोप उडाली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर दिवसा-रात्री कधीही मराठीत बोलता येते.