पुरात पहिली, कागदात शेवटची

खानदेशच्या जुन्या गॅझेटियरमध्ये १८७२ सालच्या महापुराची नोंद आहे. गिरणा आणि पांझरा या दोन नद्यांनी त्या वर्षी हाहाकार माजवला. एकट्या धुळ्यात ५०० घरे वाहून गेली. १५२ गावांना तडाखा बसला, सुमारे १६ लाख रुपयांच्या मालमत्तेचा नाश झाला आणि हजारावर माणसांना सरकारी व खाजगी मदत मिळाली. आकडे चोख आहेत. पण ही नोंद वाचताना दर वेळी एकच प्रश्न माझ्या मनात उभा राहतो. त्या ५०० घरांत महारवाड्यातली किती होती? मांगवाड्यातली किती, भिलाटीतली किती? मदत मिळालेल्या हजारांत ही माणसे होती काय? या नोंदीत त्याचे उत्तर नाही.

गाव उंचवट्यावर आणि आमची वस्ती गावकुसाबाहेर, नदीच्या उताराला, ही रचना आपल्यापैकी बहुतेकांनी डोळ्यांनी पाहिलेली आहे. पाणी जात विचारीत नाही असे म्हणतात. पण घर कोठे बांधायचे हे जातीने आधीच ठरवलेले असेल, तर पाण्याला विचारण्याची गरजच काय?

यातला क्रूर विनोद पुढेच आहे. नदीला पाणी चढले, दरोडा पडला, कोणी मेले, तर चावडीवर आणि तेथून तालुक्याला वर्दी पोचवायची ती महाराने, रात्री-अपरात्री, पायी. आज सरकारी भाषेत जिला 'पूर्वसूचना यंत्रणा' म्हणतात, ती यंत्रणा म्हणजे आमच्या पणजोबांचे पाय होते. मोबदला काय? बलुते आणि वतनाचा तुकडा. ही वेठ मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन विधेयक मांडले. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने अखेर रद्द झाली. वेठ गेली, ते योग्यच झाले. वस्ती मात्र उतारावरच राहिली.

आता दुष्काळाकडे वळू. १८७६-७७ च्या दुष्काळात जोतीराव फुले व सत्यशोधक समाज धनकवडीला अनाथ मुलांना जगवीत होते. त्याच वेळी सर रिचर्ड टेंपलने दुष्काळी कामावरील मजुराचे रोजचे धान्य एक पौंडाच्या मापावर आणले, आणि मुंबई इलाख्यातील मजुरांनी काम सोडून त्याचा निषेध केला. पुढे १८८० च्या दुष्काळ आयोगाच्या अहवालातून दुष्काळ संहिता जन्माला आली. काम कधी काढायचे, मजुरी किती, अपंगांना काय द्यायचे, हे सारे संकटाआधीच कागदावर ठरले. दान संपून नियम सुरू झाला, निदान तत्त्वतः तरी.

पण नियम कोणाला ठाऊक? १८९६-९७ च्या दुष्काळात पुण्याच्या सार्वजनिक सभेने आणि 'केसरी'ने संहितेत काय आहे ते गावोगाव मराठीतून सांगितले. सरकार इतके बिथरले की १८९७ साली त्याने सभेची मान्यताच काढून घेतली. या कामाचे मोल मी नाकारीत नाही. मात्र त्या चळवळीच्या केंद्रस्थानी शेतसाऱ्याची सूट होती. ज्याच्या नावावर खाते आहे त्याला सूट. ज्याच्या नावावर काहीच नाही, त्याला सूट कशातून मिळणार? लगेच पुढे १८९९-१९०० चा दुष्काळ आला आणि खानदेश त्यात भाजून निघाला. खडी फोडणाऱ्यांच्या हातात तेव्हाही कागद नव्हता.

१९७२ च्या दुष्काळाने हे चित्र काही अंशी बदलले. वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजना पुढे आली, १९७७ साली तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम, हे तत्त्व जमिनीवर अवलंबून नव्हते, मागण्यावर अवलंबून होते. म्हणून ते भूमिहीनांचे होऊ शकले. तरीही त्याच १९७२ साली परभणी जिल्ह्यातील ब्राह्मणगावी पाणवठ्यावरून दलित स्त्रियांची विटंबना झाली, हे विसरता येत नाही. सरकार टँकर पाठवील, पण टँकर कोणत्या विहिरीत रिकामा होतो हे गाव ठरवते.

हा इतिहास मी उगाळतो आहे तो आजच्यासाठी. २००५ साली आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. त्याचे ६१ वे कलम सांगते की मदत देताना लिंग, जात, जमात, वंश वा धर्म यांवरून भेदभाव करता येणार नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी राज्यांच्या आपत्ती निधीचे भागही पाडून दिले. २० टक्के आपत्तीचा धोका कमी करण्याच्या कामांसाठी, १० टक्के पूर्वतयारी व प्रशिक्षणासाठी, आणि उरलेले मदत व पुनर्बांधणीसाठी. म्हणजे शंभरातले तीस रुपये पूर येण्याआधी खर्चायचे ठरले. संरक्षक भिंत, नाल्याचे खोलीकरण, निवाऱ्याची जागा. आपल्या किती वस्त्यांनी हे तीस रुपये मागितले?

मागितले नाहीत, तर काय होते ते मी पाहिले आहे. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी तितूर आणि डोंगरी नद्यांनी चाळीसगावात हाहाकार केला. त्यानंतरच्या पावसाळ्यात दुसऱ्या एका तालुक्यातील नदीकाठच्या वस्तीचे अर्ज लिहायला मी बसलो होतो. पंचनाम्यात चार पिढ्यांच्या मातीच्या घरांपुढे 'झोपडी' असे लिहिले होते. हा केवळ शब्दाचा फरक नाही. २०२२ ते २०२६ च्या केंद्रीय निकषांप्रमाणे सपाट प्रदेशात पूर्ण पडलेल्या कच्च्या घराला १ लाख २० हजार रुपये, आणि झोपडीला ८ हजार. शिवाय बांधकाम अधिकृत असल्याचा दाखला हवा. गायरानावर राहणाऱ्याने तो कोठून आणायचा? एक म्हातारी मला म्हणाली, "गुरुजी, घर पडलं तेव्हा ते घर होतं. कागदात गेलं आन् झोपडी झालं." माझ्याकडे उत्तर नव्हते.

कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली झालेला भूमिहीनांचा सत्याग्रह, ज्यात खानदेशही उतरला होता, तो पोटासाठी होता असे आपण समजतो. तो नावासाठीही होता. कागदावर नाव असल्याखेरीज पोटही भरत नाही आणि पूरही टळत नाही.

तेव्हा काम पावसाळ्याआधीचे आहे. जिल्हाधिकारी ज्याचे अध्यक्ष असतात त्या जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्याचा आराखडा करायचा आणि दर वर्षी तो तपासायचा, असे कायदा सांगतो. धोक्याची ठिकाणे त्यात नोंदवावीच लागतात. हा आराखडा माहिती अधिकारात १० रुपयांच्या अर्जावर मागा आणि आपली वस्ती त्यात आहे का पाहा. नसेल तर ग्रामसभेत ठराव घ्या. पुराची पातळी, घरांची संख्या, म्हातारेकोतारे किती, रस्ता कोठे बुडतो, हे सारे मोजून लिहा. ठरावाची प्रत तहसीलदाराला आणि जिल्हाधिकाऱ्याला द्या, पोच घ्या. जिला आपण अजून दलित वस्ती सुधार योजना म्हणतो, तिचे नाव आता बदलले आहे, पण गटार, रस्ता, पाणी यांचा पैसा तिच्यातूनच येतो. तो प्रस्ताव ग्रामपंचायतीतून पंचायत समितीमार्फत जिल्हा परिषदेकडे जातो. समाजमंदिरावर आणखी एक मजला चढवण्याआधी नाल्याची भिंत मागा.

यात क्रांती कोठे आहे, असे तरुण कार्यकर्ते विचारतील. बाबासाहेबांनी विधेयके लिहिली, साक्षी दिल्या, निवेदने दिली. त्या कागदांनीच वेठ मोडली. आपले पूर्वज दुसऱ्यांच्या संकटाची वर्दी देत तालुक्याला धावले. आता आपल्या वस्तीची वर्दी आपण द्यायची आहे, आणि ती लेखी द्यायची आहे.