ओएसपीएफ : स्विचवरील मांडणी

संगणकजाळ्यातील राउटर आणि लेअर-थ्री स्विच यांना सर्वांत कमी खर्चाचा मार्ग काढून देणारा लिंक-स्टेट राउटिंग प्रोटोकॉल. ‘ओपन शॉर्टेस्ट पाथ फर्स्ट’ हे त्याचे पूर्ण नाव. कोणा एका कंपनीची मालकी नाही, म्हणून ‘ओपन’. पहिले विवरण १९८९ मध्ये आले. आयपीव्ही४ साठी आज चालणारी दुसरी आवृत्ती जॉन मॉय यांनी लिहिलेल्या आरएफसी २३२८ (१९९८) मध्ये आहे.

रिपसारखा जुना प्रोटोकॉल शेजाऱ्याने सांगितलेल्या अंतरावर विसंबतो. ओएसपीएफमध्ये प्रत्येक यंत्र आपल्या जोडण्या जाहीर करते, ती माहिती एरियातील (जाळ्याच्या एका विभागातील) सर्वांपर्यंत जशीच्या तशी पोचते आणि सर्वांजवळ एकच नकाशा तयार होतो. त्यावरून डाइक्स्ट्रा यांच्या १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रीतीने जो तो आपला मार्ग काढतो.

सिस्कोच्या अनेक स्विचवर राउटिंग मुळात बंद असते. ‘आयपी राउटिंग’ ही आज्ञा आधी द्यावी लागते. मग व्हीलॅन (आभासी लॅन) इंटरफेसना पत्ते द्यायचे, ‘राउटर ओएसपीएफ १’ने प्रक्रिया सुरू करायची आणि इंटरफेस एरिया ० मध्ये घालायचे. येथील १ हा आकडा त्या यंत्रापुरता असतो, शेजाऱ्याशी जुळावा लागत नाही. राउटर-आयडी, म्हणजे जाळ्यातील यंत्राची ओळख, मात्र हाताने ठरवावा. तो न दिल्यास स्विच लूपबॅक या आभासी इंटरफेसचा सर्वांत मोठा पत्ता उचलतो, लूपबॅक नसल्यास चालू इंटरफेसचा. आणि दोन यंत्रांचा आयडी एकच निघाला तर दोष शोधताना दिवस जातो.

शेजार जुळण्यासाठी एरिया, सबनेट मास्क, ऑथेंटिकेशन आणि हॅलो (निरोप पाठवण्याचा) व डेड (निरोप न आल्यास शेजारी गेला असे मानण्याचा) हे काळ (इथरनेटवर १० व ४० सेकंद) दोन्हीकडे सारखे लागतात. एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) वेगळा असला तर शेजारी दिसतो, पण गाडी नकाशा जुळण्याआधीच्या ‘एक्सस्टार्ट’ या अवस्थेवर अडते. वापरकर्त्यांचे संगणक असलेले व्हीलॅन ‘पॅसिव्ह’ (हॅलो न पाठवणारे) ठेवावेत, नाहीतर तेथे जोडलेले कोणतेही यंत्र शेजारी होऊन खोटे मार्ग पसरवू शकते. ही काळजी ऐच्छिक मानू नये.

सर्वाधिक दुर्लक्ष होते ते खर्चाच्या हिशेबाकडे. खर्च म्हणजे संदर्भवेग भागिले जोडणीचा वेग. सिस्कोचा मूळ संदर्भवेग १०० एमबीपीएस असल्याने १०० एमबीपीएस, १ जीबीपीएस आणि १० जीबीपीएस या तिन्ही जोडण्यांचा खर्च १ च येतो, आणि प्रोटोकॉलला संथ व वेगवान वाट सारखीच दिसते. ‘ऑटो-कॉस्ट रेफरन्स-बँडविड्थ १०००००’ दिल्यावर हेच खर्च अनुक्रमे १०००, १०० आणि १० होतात. हा बदल जाळ्यातील प्रत्येक यंत्रावर करायचा. अर्ध्यांवर केला तर मार्ग भलतीकडेच वळतात.

तपासणीसाठी ‘शो आयपी ओएसपीएफ नेबर’ वापरतात. शेजाऱ्यापुढे ‘फुल’ दिसले की नकाशा जुळला. एका व्हीलॅनवर अनेक यंत्रे असतील तर डेझिग्नेटेड राउटर (त्या व्हीलॅनवर निवडलेला प्रमुख) व त्याचा बॅकअप सोडून इतरांचे आपसातील नाते ‘टू-वे’वरच थांबते, तो दोष नव्हे.