वॉरम पर्सी : हे गाव साथीने ओस पडले नाही

१/ इंग्लंडमधील यॉर्कशायरच्या एका दरीत छप्पर नसलेले एक चर्च उभे आहे. भोवती गवत आणि गवताखाली घरांच्या पायांचे उंचवटे. हे वॉरम पर्सी. १३४९ च्या प्लेगने, म्हणजे ‘काळ्या मृत्यू’ने हे गाव संपवले, असे अनेकदा सांगितले जाते. पुरावे मात्र निराळे सांगतात.

२/ १०८६ च्या ‘डूम्सडे बुक’ या जमीन-नोंदीत वॉरमचा उल्लेख आहे. पुढे पर्सी घराण्याचे नाव गावाला जोडले गेले. ‘मॅनर’ म्हणजे केवळ जमीनदाराचा वाडा नव्हे. जमीन, तिच्यावरील कुळे, त्यांची वेठ आणि न्यायनिवाडा ही सारी व्यवस्था त्यात येई.

३/ येथे वाडे दोन होते. १२५४ च्या सुमारास चेंबरलेन घराण्याचा हिस्सा पर्सींकडे गेला आणि दक्षिणेचा वाडा निरुपयोगी ठरला. त्या जागेवर शेतकऱ्यांची घरे उठली. उत्खननात अशा एका घराखाली जुन्या वाड्याचे दगडी तळघर सापडले.

४/ प्लेगचा तडाखा गावाला बसलाच. तरीही १३६८ मध्ये येथे सुमारे ३० घरे नांदती होती. पंधराव्या शतकाच्या मध्यास १६ उरली.

५/ माणसे घटल्याने मजुरी वाढली, धान्याला भाव राहिला नाही. लोकरीला मात्र मागणी होती. नांगरटीस अनेक हात लागत, कळपास एक मेंढपाळ पुरे. जमीनदाराने हिशेब केला.

६/ १५१७ च्या राजकीय चौकशीत नोंद झाली : पर्सींनंतरचे मालक हिल्टन यांनी चार घरे उठवली, चार नांगर थांबवले. शेते कुरणे झाली.

७/ १९४८ मध्ये इतिहासकार मॉरिस बेरेसफर्ड येथे आले. पुढे पुरातत्त्वज्ञ जॉन हर्स्ट यांच्यासह १९९० पर्यंत दर उन्हाळ्यात उत्खनन चालले. चर्चच्या परिसरात जवळपास ७०० सांगाडे मिळाले. हाडांच्या रासायनिक तपासणीतून येथील माता बाळांना सुमारे दीड वर्ष अंगावर पाजत, हेही कळले. कागदपत्रांत या स्त्रियांचा मागमूस नाही.

८/ साथीला जाब विचारता येत नाही. घरे उठवणाऱ्या मालकाला येतो, आणि १५१७ मध्ये तो विचारलाही गेला. सारा दोष प्लेगवर टाकला, की ती शेवटची चार कुटुंबे दुसऱ्यांदा बेदखल होतात.