वळत्या स्टेटरची कुळकथा

जेट इंजिनात हवा दाबणाऱ्या भागात, म्हणजे संपीडकात, पात्यांच्या ओळी एकाआड एक असतात. एक ओळ मधल्या दंडाबरोबर फिरते, तर तिच्या मागची, जिला स्टेटर म्हणतात, कवचाला जखडलेली असून हवेला योग्य दिशा देते. या स्थिर पात्यांचा कोन पूर्ण वेग गृहीत धरून ठरवलेला असल्यामुळे इंजिन मंद फिरताना पुढच्या ओळींवर हवा भलत्या कोनातून येते, पात्यांवरचा प्रवाह सुटतो आणि दाबलेली हवा धडाक्याने उलटते. या दोषाला सर्ज म्हणतात, आणि अपेक्षित दाब वाढवावा तसा तो बळावतो.

प्रॅट अँड व्हिटनीने जे५७ इंजिनात यावर दोन वेगांचे दोन दंड योजले. १९४८ साली जनरल इलेक्ट्रिकमध्ये आलेल्या गेरहार्ड नॉयमान यांनी मात्र दंड एकच ठेवून स्थिर पात्यांनाच वळते केले, म्हणजे वेगानुसार त्यांचा कोन बदलता येईल. कल्पना सर्वस्वी नवी नव्हती, कारण रोल्स-रॉइसच्या एव्हॉन इंजिनात तोंडाशी असलेली पाती वळत असत. पण अनेक ओळी एकत्र वळवायच्या तर असंख्य खुंट्या आणि तरफा आल्या, आणि त्यांतून हवा गळेल किंवा त्या अडकतील, हा आक्षेप रास्तच होता. त्याचे उत्तर त्यांनी प्रायोगिक इंजिन बांधून दिले, आणि हे त्यांच्या घडणीला साजेसेच होते: जर्मनीत उमेदवारी केलेल्या आणि मिट्वाइडाला अभियांत्रिकी शिकलेल्या या माणसाने युद्धकाळात चीनमध्ये फ्लाइंग टायगर्स या अमेरिकी स्वयंसेवक वैमानिकांच्या तुकडीची विमाने दुरुस्त केली होती, आणि हाती लागलेले एक जपानी झीरो लढाऊ विमान पुन्हा उडते केले होते.

त्यातून घडलेल्या जे७९ इंजिनाच्या संपीडकात १७ टप्पे असून तोंडाची पाती आणि पहिल्या सहा ओळींचे स्टेटर वळते होते. ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणाऱ्या एफ-१०४ विमानाला हेच इंजिन लाभले, आणि १९५८ ची कॉलियर ट्रॉफी हा अमेरिकी विमानविद्येतील पुरस्कार नॉयमान यांना इतरांसह मिळाला.

१९६१ पासून कंपनीच्या जेट विभागाची सूत्रे त्यांच्याकडे होती. या काळातील त्यांचा सर्वांत दूरदृष्टीचा निर्णय म्हणजे फ्रान्सच्या स्नेक्माचे प्रमुख रने राव्हो यांच्याशी केलेली भागीदारी. पण या भागीदारीतल्या सीएफएम५६ या नियोजित इंजिनाचा गाभा लष्करी एफ१०१ इंजिनाचा असल्याने अमेरिकी सरकारने तो फ्रान्सला देण्याची परवानगी अडवली, आणि १९७३ साली अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन व फ्रान्सचे अध्यक्ष पाँपिदू यांच्या रेक्याविक येथील भेटीनंतरच ती सुटली. १९७९ पर्यंत या इंजिनाला गिऱ्हाईक नव्हते. मग जुन्या डीसी-८ विमानांनी आणि पुढे बोइंग ७३७ ने ते घेतले. त्यातही पुढच्या ओळींचे स्टेटर वळतेच आहेत, आणि ते इंधनाच्याच दाबावर चालणाऱ्या सिलिंडरांनी वळवले जातात.