पॅलेस्टिनी खेड्यांतील इंग्रजीचे वर्ग

पॅलेस्टाइनच्या बातम्यांत शाळा येते ती बहुधा बंद पडलेली किंवा पाडलेली. वेस्ट बँकमधील खेड्यांत मात्र शाळा सुटल्यानंतर भरणारा आणखी एक वर्ग असतो, आणि त्याची दखल क्वचितच घेतली जाते. गावच्या एखाद्या सार्वजनिक खोलीत, महिला मंडळाच्या जागेत किंवा शाळेच्याच आवारात मुले इंग्रजीचे धडे गिरवतात. शिकवणारे असतात स्वयंसेवक. काही परदेशी, काही जवळच्या विद्यापीठातील पॅलेस्टिनी विद्यार्थी.

ही परंपरा परदेशी पाहुण्यांनी आणलेली नाही. रामल्लाजवळच्या बिरझैत विद्यापीठाने १९७० च्या दशकातच विद्यार्थ्यांना पदवीसाठी समाजकार्य सक्तीचे केले. डिसेंबर १९८७ मध्ये पहिला इंतिफादा सुरू झाला आणि १९८८ च्या प्रारंभी इस्रायली लष्कराने वेस्ट बँकमधील शाळा बंद केल्या. तेव्हा वस्तीवस्तीतील लोकसमित्यांनी घरांत, मशिदींत आणि चर्चमध्ये वर्ग भरवले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये या समित्याच बेकायदा ठरवण्यात आल्या. शेजारच्या मुलांना गणित शिकवणे हेही त्यामुळे जोखमीचे काम झाले.

इंग्रजीला एवढे महत्त्व का, याचे उत्तर अभ्यासक्रमात आहे. पूर्वी वेस्ट बँकमध्ये जॉर्डनचा आणि गाझामध्ये इजिप्तचा अभ्यासक्रम चाले. २००० पासून पॅलेस्टिनी प्रशासनाचा स्वतःचा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने आला आणि इंग्रजी पाचवीऐवजी पहिलीपासून सुरू झाले. बारावीच्या ‘तौजिही’ परीक्षेवर पुढील शिक्षणाची दारे अवलंबून असतात. शहरातील मुलाला शिकवणी मिळते. डोंगरातील मेंढपाळाच्या मुलाला ती कोठून मिळणार?

शिकवताना येणाऱ्या अडचणी मोठ्या मनोरंजक असतात. अरबीत ‘प’ हा ध्वनी नाही, त्यामुळे ‘पेन्सिल’ची ‘बेन्सिल’ होते. हिंदीभाषकाच्या तोंडी ‘टिळक’चे ‘तिलक’ व्हावे, तसेच हे. लिपी उजवीकडून डावीकडे जाणारी. तीत मोठी-लहान अक्षरे असा भेद नाही. वर्तमानकाळात ‘आहे’ या अर्थाचे क्रियापद लागत नाही, म्हणून ‘मी विद्यार्थी’ एवढे म्हटले की मुलाच्या लेखी वाक्य पूर्ण झालेले असते. शिवाय घरी बोलीभाषा आणि पुस्तकात प्रमाण अरबी अशी दोन रूपे मूल आधीच सांभाळत असते. इंग्रजी हे त्याच्यापुढचे तिसरे ओझे. केवळ मातृभाषा इंग्रजी आहे म्हणून कोणी हे ओझे हलके करू शकत नाही. त्यासाठी अरबी जाणणारा जोडीदार लागतो.

खरी अडचण सातत्याची आहे. परदेशी स्वयंसेवक पर्यटकाच्या प्रवेशपत्रावर येई, त्याची मुदत जास्तीत जास्त ३ महिने. तो रंग, आकडे, महिन्यांची नावे शिकवी आणि निघून जाई. नवा येई आणि पुन्हा रंगांपासून प्रारंभ करी. मुलांना गाणी पाठ, वाचन मात्र जेथल्या तेथे. यावर जो उपाय टिकला तो साधा आहे. नाब्लसमध्ये २००३ पासून काम करणाऱ्या ‘प्रोजेक्ट होप’ या संस्थेने परदेशी शिक्षकाबरोबर स्थानिक तरुण स्वयंसेवक दिला. पाहुणा बदलला, तरी मुलांना ओळखणारा माणूस वर्गात राहतो. पाहुण्याचा उत्साह मोलाचा खरा, पण वर्ग तगतो तो या दुसऱ्या माणसामुळे.

खेड्यांत जागेचाही प्रश्न आहे. १९९५ च्या दुसऱ्या ऑस्लो करारानुसार वेस्ट बँकचा सुमारे ६० टक्के भाग ‘क’ क्षेत्रात मोडतो. तेथे बांधकामाचा परवाना इस्रायली प्रशासनाकडून घ्यावा लागतो आणि पॅलेस्टिनींना तो क्वचितच मिळतो. जेरुसलेमच्या पूर्वेस खान अल-अहमर या बदाऊन वस्तीत २००९ मध्ये जुने टायर आणि चिखल वापरून शाळा उभारली गेली, त्यामागे हेच कारण. २०१८ मध्ये इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने ही वस्ती पाडण्यास मोकळीक दिली. त्यानंतर सरकारने कारवाई वारंवार पुढे ढकलली.

हेब्रॉनच्या दक्षिणेकडील डोंगरात तर शिकवण्यापूर्वी पोहोचवण्याचे काम होते. तुबा गावची मुले अल-तुवानीच्या शाळेत जाताना वाटेतील इस्रायली वसाहतवाद्यांकडून हल्ले होत. २००४ मध्ये मुलांना सोबत करणारे परदेशी स्वयंसेवकही जबर जखमी झाले, तेव्हा लष्कराने मुलांना सोबत द्यावी असे ठरले. ही सोबत वेळेवर येते की नाही, याची नोंद ठेवणे हे पुढे स्वयंसेवकांचे नित्याचे काम होऊन बसले.

२०२२ मध्ये वेस्ट बँकमध्ये शिकवण्यासाठी वा स्वयंसेवेसाठी येणाऱ्या परदेशीयांना इस्रायली लष्करी प्रशासनाची पूर्वमंजुरी बंधनकारक झाली. ऑक्टोबर २०२३ नंतर रस्त्यांवरील अडथळे वाढले आणि अनेक शाळांचे अध्यापन काही अंशी संगणकावर गेले. सरकारी शिक्षकांना तर २०२१ च्या अखेरीपासूनच अपुरे वेतन मिळू लागले होते. परदेशी माणसाची वाट अशी अरुंद झाल्यावर वर्गाचा भार आला तो विद्यापीठातील मुलामुलींवर. गावापर्यंत पोहोचण्यासाठी त्यांनाही तेच नाके ओलांडावे लागतात.